हातात चपला घालून भुशीला

शिक्षिकाच पटांगणात चाकांवर हिंडायला लागली तर मुलींनी काय शिकायचं, असा प्रश्न आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला शनिवारी विचारला. तोल सांभाळायला शिकायचं, असं मी उत्तर दिलं. ते त्यांना आवडलं नाही. पटांगण मला बंद झालं. रविवारी सकाळी मी एका पिशवीत दोन साड्या आणि दुसऱ्या पिशवीत स्केटबोर्ड घालून पुणे-लोणावळा लोकलमध्ये बसले. पटांगण नाही तर नाही, रस्ता तर कुणाच्या बापाचा नाही.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आणीबाणी नुकतीच उठली होती आणि आम्ही सगळेच पुन्हा तोंड उघडायला शिकत होतो. मी तेव्हा पुण्यातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. गौरी-गणपतीची सुट्टी लागली होती आणि लोणावळ्याला माझी सख्खी मावशी राहायची.

हल्लीच्या वाचकांना स्केटबोर्ड म्हणजे काय हे सांगावं लागू नये, पण लागतं. माझ्या भाचरंडांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे चाक लागलेल्या कुठल्याही वस्तूला ‘स्केटिंग’ म्हणून मोकळे होतात. स्केट्स बुटासारखे पायाला बांधतात. स्केटबोर्ड बांधत नाहीत. ती एक फळी असते, पाटापेक्षा अरुंद आणि थोडी लांब. खाली दोन आस, चार चाकं. तिला हँडल नाही, ब्रेक नाही, पट्टा नाही. एका पायाने जमीन मागे ढकलायची आणि दोन्ही पायांनी वर उभं राहायचं. वळायचं असेल त्या बाजूला अंगाचा भार टाकायचा. नको वाटलं की उतरायचं. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत शिकायला होता, तो सुट्टीत येताना घेऊन आला आणि पहिल्याच दिवशी गच्चीवर आपटून, ‘ताई, हे तुझ्याकडेच ठेव’ म्हणून परत गेला. त्याची चाकं गुळाच्या पाकाच्या रंगाची होती, उजेडात धरली तर आरपार दिसायची. मी ती वस्तू चार महिन्यांत शिकले. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, दर रविवारी, शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर. गुडघे फुटले. पण आलं.

मी थेट लोणावळ्याला गेले नाही. तळेगावला उतरले, कारण तळेगावहून इंदुरीकडे जाणारा रस्ता नुकताच डांबरी झाला आहे आणि मधे चांगला उतार आहे, असं एका सहशिक्षिकेने सांगितलं होतं. तुम्ही आज तिकडे गेलात तर ट्रकांच्या रांगेत अडकाल, तेव्हाची शांतता डोक्यातून काढून टाका. तेव्हा वराळ्याकडून येणाऱ्या बैलगाड्या, एखादी एस.टी. आणि सायकलवरचे दूधवाले, एवढीच वर्दळ. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पोटरीवर आलेली. मी फळी रस्त्यावर ठेवली आणि सुटले. उतार सांगितल्यापेक्षा चांगला होता. वारा कानात गेला, पदर खोचलेला होता म्हणून वाचला. खाली येऊन थांबले तेव्हा बांधावर बसून भाकरी खाणारी माणसं घास हातात धरून बघत होती.

त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या आबांनी गंभीरपणे विचारलं, “बाई, तुमच्यात कुनाला पाय न्हाईत?”

“म्हणजे?”

“न्हाई, गाडी कुनासाटी नेताय? तळेगावच्या टेसनावं यक जन बसतोय, त्याची बी आशीच हाय. फळी आन् खाली बेरिंगा.”

“ही माझी आहे आबा. मला पाय आहेत.”

“त्ये तर दिसत्यात,” त्यांची सून म्हणाली आणि सगळ्या बायका फिस्सकन हसल्या. “मंग पाय आसून फळीवं कशाला बसायचं?”

“बसायचं नाही. उभं राहायचं.”

“हुबं तर आमी बी ऱ्हातो की. फुकट!”

 त्यांनी कांदा-भाकर दिली, मी खाल्ली. पुढे इंदुरीच्या गढीच्या दरवाजापर्यंत गेले, आतल्या देवीला नमस्कार केला, इंद्रायणीच्या घाटावर पाय धुतले. गढी बाहेरून बघायलाच जास्त चांगली आहे. दरवाजा आणि बुरूज बघा, फार वेळ घालवू नका. परतीचा चढ मात्र फळी काखेत मारून चालतच यावं लागतं, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चढावर स्केटबोर्डचा काडीचा उपयोग नाही.

संध्याकाळच्या लोकलने लोणावळ्याला पोचले. मावशीचं घर स्टेशनच्या मागच्या बाजूला, रेल्वेच्या जुन्या बैठ्या चाळीत. मावशीचे यजमान, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, ते रेल्वेत होते. आणि त्यांची एकुलती एक मुलगी शरयू. शरू म्हणजे माझी मावसबहीण, तेव्हा बावीस-तेवीसची. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. लहानपणी पायांना लोखंडी कॅलिपर होते. ते वाढत्या अंगाला पुरले नाहीत आणि पुन्हा करायला मुंबईच्या खेपा झेपल्या नाहीत. ती घरात हातांवर सरकत फिरायची. घरी बसून मॅट्रिक झाली होती, हातमशीनवर ब्लाउज शिवायची आणि तिची जीभ कात्रीपेक्षा धारदार होती. लहान होती तोवर अप्पा तिला खांद्यावर घेऊन बाजारात न्यायचे. मोठ्या झालेल्या मुलीला खांद्यावर घेता येत नाही. दवाखान्याची चाकांची खुर्ची एकदा भाड्याने आणून पाहिली, ती चाळीच्या दारातून आतच आली नाही. तेव्हापासून ती घरातच होती. दहा वर्षं म्हणा.

मी पिशवीतून स्केटबोर्ड काढला आणि शरूने तो माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. उलटा केला. एक चाक बोटाने फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं.

“याला काय म्हणतात?”

“स्केटबोर्ड.”

“आणि यावर काय करतात?”

“उभं राहतात,” मी म्हटलं आणि जीभ चावली.

“असं कुठे लिहिलंय?” शरू म्हणाली. तिने फळी शहाबादी फरशीवर ठेवली, दोन्ही हातांनी अंग उचललं आणि वर बसली. पाय नीट आवळून घेतले. मग तळव्यांनी फरशीला एक रेटा दिला. स्वयंपाकघरातून माजघर, माजघरातून पुढचं दार. इतका वेळ आम्हाला तिच्या सरकण्याचा आवाज ऐकायची सवय होती. आता नुसती चाकांची घरघर. अप्पा पेपर खाली करून बघत राहिले.

“बाकी सुसाट आहे हां,” ते म्हणाले.

मावशी दारात उभी होती. तिने हात पदराला पुसले आणि म्हणाली, “उतर आधी. भिकाऱ्याची गाडी ती.”

“भिकाऱ्याची नाही, स्केटबोर्ड आहे आई.”

“तुम्ही काहीही म्हणा. मला दिसतंय ते दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी गौरीपूजन. संध्याकाळी चाळीतल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या. मावशीच्या घरची एक पद्धत मला तोवर माहीत नव्हती. बायका यायच्या आधी शरूला नवी साडी नेसवून गौरींच्या शेजारच्या खुर्चीत बसवायचं, पायांवर शाल टाकायची. मग शेवटची बाई जाईपर्यंत तिने तिथून हलायचं नाही. कुणी तिला जमिनीवर सरकताना बघू नये म्हणून. तास-दीड तास ती तशी बसायची. तहान लागली तरी. गौरी दोन आणि तिसरी ही, असं ती स्वतःच म्हणायची आणि मावशीला ते अजिबात खपायचं नाही.

त्या संध्याकाळी शरू खुर्चीत बसली नाही. बायका जमल्या, मावशीने खिरापतीचं ताट आणायला आत वळून पाहिलं, तर ताट मांडीवर घेऊन शरूच बाहेर आली. फळीवरून. एका हाताने ताट, एका हाताने रेटा. मी दाराशी होते. मी तिला अडवलं नाही आणि अडवणारही नव्हते.

 शरू एकेकीसमोर थांबत गेली. “घ्या काकू.” “घ्या ना वहिनी, दोन घ्या.” दोघीतिघींनी घेतलं. मग कोपऱ्यातली एक बाई आपली समजूत दाखवावी तशी म्हणाली, “अगं बाई, आपल्या स्टेशनवरच्या त्या लंगड्याची असते तश्शीच गाडी की ही! बरं झालं हो, सोय झाली पोरीची.”

तिला खरंच बरं वाटलं असावं. मावशीचा चेहरा मात्र राखेसारखा झाला.

बायका गेल्यावर मावशी फुटली. “स्टेशनवरच्या त्या माणसाला दर सोमवारी मी भाकरी देते. खाली वाकून द्यावी लागते, इतक्या खाली असतो तो. लोक त्याला ओलांडून जातात. उद्या माझ्या मुलीला ओलांडून जातील. ते बघायला मी जिवंत राहू का?”

“आई,” शरू म्हणाली, “तो निदान स्टेशनवर तरी जातो.”

 अप्पांनी रेडिओ बंद केला.

“मला भुशीला जायचंय,” शरू पुढे म्हणाली. “चाळीतली सगळी पोरं जातात. पायऱ्यांवरून पाणी पडतं म्हणे. धरण रेल्वेने बांधलं, अप्पांनी जन्मभर रेल्वेची चाकरी केली, आणि मी ते पाहिलेलं नाही. जाईन तर या फळीवरून जाईन. गाडीत बसवून काचेतून दाखवून आणणार असाल तर मला नको.”

मावशी माझ्याकडे वळली. “कुमुद, तू आणलंस हे खूळ घरात. तूच परत ने.”

“नेणार नाही,” मी म्हटलं. “ती म्हणेल तर नेईन.”

मला त्या शाळेतून कुणी बाहेर काढलं तरी दुसरी शाळा मिळाली असती. शरूला त्या घरातून दुसरं घर मिळणार नव्हतं. जे काही व्हायचं ते याच घरातून बाहेर पडून व्हायचं होतं, आणि मी गेले की तो दरवाजा बंद होणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी अप्पा उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, “उद्या गौरी जाऊ देत. तेरवा सकाळी इस्माईलभाईंचा टांगा सांगून ठेवतो.”

“मी येणार नाही,” मावशी म्हणाली.

“नको येऊस,” शरू म्हणाली.

मधले दोन दिवस आम्ही तयारी केली. शरूचे तळवे फरशीला सरावलेले होते, पण डांबराने सोलून निघाले असते. स्टेशनवरचा माणूस हातात लाकडी ठोकळे धरतो, असं अप्पा म्हणाले. शरूने ठोकळे नाकारले. तिने अप्पांच्या कातडी चपला हातात घातल्या, अंगठ्यात अंगठा, आणि चाळीच्या अंगणात चक्कर मारली. चट्, चट्, चट्. मावशीने कपाळावर हात मारून घेतला. बापाच्या पायातल्या चपला पोरीच्या हातात! देवाधर्माच्या दिवसांत! त्याच हातांनी जेवणार का, वगैरे. “धुऊन जेवेन,” शरू म्हणाली. ब्रेकचा प्रश्न मी सोडवला: फळीच्या मागच्या आसाला सुताचा दोर बांधला, उतारावर मी मागून धरायचा. शोभेचा भाग सोडा, बाकी योजना पक्की होती.

ठरल्या सकाळी टांगा आला. इस्माईलभाई स्टेशनवरचे जुने टांगेवाले, अप्पांचे दोस्त. त्यांनी फळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“अप्पा, याला घोडं कुठनं जोडायचं?”

“ती स्वतःच घोडं आहे,” अप्पा म्हणाले.

“मग माझा धंदा बसला म्हणायचा!”

आम्ही शरूला उचलून टांग्यात ठेवायला वळलो तर मागच्या बाकावर मावशी आधीच बसलेली. मांडीवर थालीपिठांचा डबा, हातात छत्री. “पडली-बिडली तर कुणीतरी हवं,” ती समोर बघत म्हणाली. कुणी तिला काही विचारलं नव्हतं.

रस्त्याबद्दल थोडं सांगते, कारण त्यासाठीच तुम्ही वाचत असाल. स्टेशनपासून भुशी चालत जाण्यासारखं आहे, पण चढ आहे. पुढे नौदलाची वसाहत असल्यामुळे डांबर तेव्हाही बरं होतं. भाद्रपदाच्या अखेरीला जावं: पाऊस उघडझाप करतो, धरण भरलेलं असतं, डोंगर हिरवे असतात आणि आषाढ-श्रावणातली झुंबड ओसरलेली असते. आता शनिवार-रविवारी जाऊच नका. माणसांच्या पाठी बघून परत याल. टांगे आता गेले. रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा. आमच्या टांग्याचं भाडं किती झालं ते मला आठवत नाही, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे भाव पैशापैशाने सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

धरणाच्या अलीकडच्या वळणावर शरूने टांगा थांबवायला लावला. “इथून मी.”

आम्ही फळी खाली ठेवली. तिने चपला चढवल्या. पहिल्या दहा पावलांना मी दोर धरला होता. मग चढ असल्यामुळे दोराची गरजच राहिली नाही. उलट ती दमत होती. तिचा श्वास ऐकू येत होता, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मी मागून ढकलायला वाकले तर म्हणाली, “हात लावू नकोस.” एका ठिकाणी खडीवर चाक अडलं आणि ती कलंडली, कोपर खरचटलं. मावशी धावली. शरूने स्वतःला उचलून परत वर ठेवलं. येणारे-जाणारे बघत होतेच. कॉलेजच्या पोरांच्या एका टोळक्याने शिट्टी मारली, मग मी त्यांच्याकडे वर्गात बघते तसं पाहिलं आणि ती पोरं पुढे गेली.

भुशीच्या पायऱ्यांवरून पाणी पांढरंशुभ्र होऊन उतरत होतं. वर्णनं करायला मला आवडत नाही. एवढंच सांगते की शरू फळीवरून उतरली, हातांवर सरकत सगळ्यात खालच्या पायरीवर गेली आणि पाण्याकडे पाठ करून बसली. पाणी तिच्या खांद्यांवरून कोसळत होतं. ती ओरडली. काय ओरडली ते पाण्यात ऐकू आलं नाही. मावशी छत्री उघडून कोरडी उभी होती आणि तिच्याच अंगाला काटा आला होता. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, चढून मिरवायला जाऊ नका. तिथे दरवर्षी शहाणी माणसं घसरतात.

पाण्यातून बाहेर आल्यावर आम्ही थालीपीठ खाल्लं आणि रस्त्याकडेला शेगडी घेऊन बसलेल्या एका बाईकडून कणसं घेतली. डोंगरावरच्या वाडीतून रोज उतरायची ती. तिला फळीची भारी गंमत वाटली.

“लय झाक हाय गं ताई तुजी गाडी. काय म्हंत्यात हिला?”

“स्केटबोर्ड,” शरू म्हणाली. एका दमात, आपलं गाव सांगावं तसं.

“आमच्या वाडीला न्हाई चालायची. समदी दगडं.”

मावशी आणि अप्पा टांग्याकडे निघाले होते. मी कणसावर लिंबू चोळून घेत होते. शरू रस्त्याच्या कडेला फळीवर बसून, ओल्या केसांतून पाणी गाळत, कणीस खात होती. तेवढ्यात उतारावरून खाली आपल्या मोटारीकडे जाणारी एक बाई तिच्यापाशी थांबली. गॉगल, नायलॉनची साडी, हातात पर्स. मुंबईची असावी. तिने पर्स उघडली, वाकली आणि शरूच्या मांडीशी, फळीवर, चार आण्याचं नाणं ठेवलं. हळूच ठेवलं. आणि पुढे निघाली.

मी काही बोलायच्या आत माझी नजर मावशीवर गेली. ती टांग्यापाशी पोचली होती आणि तिने ते पाहिलं होतं. तिने टांग्याचा दांडा धरला.

शरूने कणीस खाली ठेवलं. नाणं उचललं. “ओ बाई! तुमचे पैसे पडले.”

बाईने मान वळवून हात हलवला. “राहू दे गं. ठेव तुला.”

“मला नकोत.”

“ठेव, ठेव,” असं म्हणत बाई झपाझप चालायला लागली. अशी माणसं दान देताना जेवढी हळू असतात तेवढीच दान नाकारलं की घाईत असतात.

शरूने नाणं दातांत धरलं आणि हातांत चपला घातल्या. मी कणीस टाकून धावले आणि दोर पकडला. ती उताराला लागली होती. दोर ताणला गेला, फळी अडली.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. दातांत नाणं असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. तिने फक्त मान हलवली. सोड.

खाली मोटारी होत्या, वळण होतं, आणि फळीला ब्रेक नाही हे जगात मला सगळ्यात जास्त ठाऊक होतं. मावशी दोन्ही हात वर करून माझ्याकडे बघून ओरडत होती, “धर! कुमुद, धर तिला!”

मी दोर सोडला.

चट्, चट्, आणि मग आवाजच नाही, फक्त चाकांची घरघर. शरू टांग्यासमोरून गेली तेव्हा इस्माईलभाईंचं घोडं दचकून मागे सरलं. तिने बाईला गाठलं, मागे टाकलं, अंग एका बाजूला झोकून वळली. मी तिला वळायला कधी शिकवलं नव्हतं. मग दोन्ही चपला डांबरावर दाबल्या. कातडं करकरत घासलं. फळी रस्त्यात आडवी, बाईच्या पुढ्यात थांबली.

बाई वाईट नव्हती, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. तिचा चेहरा घाबरा झाला होता. “अगं, मी सहज... तुला राग आला का?”

शरूने दातांतलं नाणं हातात घेतलं आणि साडीला पुसलं. “हात पुढे करा.”

“अगं, असू दे ना...”

“हात पुढे करा,” शरू म्हणाली. “मी इथे फिरायला आलेय. तुम्हीही फिरायलाच आलाय ना?”

एव्हाना पाच-पंचवीस माणसं जमली होती. शिट्टी मारणारी पोरंही होती. वरून कणीसवाली ओरडली, “अवं घ्या की बाई! पोरगी देतीया तर घ्या! लाजताय काय?” लोक हसले. बाईने गॉगल काढला. मग इकडेतिकडे बघितलं आणि तळहात पुढे केला. शरू खाली बसलेली, बाई उभी. त्यामुळे बाईला वाकावं लागलं. शरूने नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. हळूच ठेवलं.

“सॉरी हं,” बाई म्हणाली.

“चालतं,” शरू म्हणाली. “माझं कणीस गार झालं तेवढंच.”

आम्ही तिला टांग्यात चढवलं.  शरूने हात मांडीखाली दाबून धरले होते. मला वाटलं आता मावशी मला सोलणार. मी तयार होते, उत्तरं जुळवून ठेवली होती. मावशीने शरूच्या मांडीवरच्या चपला उचलल्या, उलट्या करून बघितल्या. तळ झिजून आरपार छिद्रं पडली होती.

“या फुकट गेल्या,” ती अप्पांना म्हणाली. “बाजारातल्या चांभाराकडे थांबवा टांगा. हिच्या हाताच्या मापाच्या करायला टाकू. जाड तळाच्या.”

आणि बाजारात, भर गर्दीत, चांभाराने दुकानाच्या फळीवर कागद पसरला, शरूने त्यावर दोन्ही पंजे ठेवले आणि त्याने पेन्सिलने माप काढलं. पायांचं काढतात तसंच. त्याने काही विचारलं नाही. मावशीनेच त्याला तीनदा बजावलं, “अंगठा सैल ठेवा, ती जोरात ब्रेक लावते.”

दुसऱ्या दिवशी मी एकच पिशवी घेऊन पुण्याला परतले. स्केटबोर्ड देऊन आले त्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? मी तो चार महिने घासून शिकले होते आणि तळेगावच्या उतारावर मला जे वाटलं होतं ते पुन्हा मिळणार नव्हतं. शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी समाधानाने विचारलं, “टाकलंत ना ते?” मी म्हटलं, “वापरात आहे.” पुढच्या सुट्टीत भाऊ आला आणि त्याची वस्तू कुठे गेली म्हणून चौकशी करू लागला. ज्याने तो वापरायला हवा होता तो पहिल्याच दिवशी गच्चीवर आपटून मोकळा झाला होता, याची मी त्याला आठवण करून दिली.

लोक अजूनही मला सांगतात की तो स्केटबोर्ड नव्हेच. बसून, हातांनी चालवलेल्या फळीला स्केटबोर्ड म्हणत नाहीत. शब्दाचा अर्थ असा सैल करू नये, असं एका वाचकाने मागे बजावलं होतं. मीही जन्मभर मुलींना व्याख्या चोख पाठ करायला लावल्या आहेत. तरी सांगते: ज्या वस्तूवर बसल्यावर लोक शरूला भिकारीण समजले तीच वस्तू होती ती, आणि ज्या वस्तूवर बसून तिने दान परत केलं तीही तीच. दोन्हींना एकच शब्द चालणार नाही. तिने तिचा निवडला. तुमची हरकत असेल तर लोणावळ्याला जा आणि तिच्यासमोर नोंदवा.

त्या दिवाळीनंतर मावशी एका लग्नासाठी पुण्यात आमच्याकडे उतरली. स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होती. मी शरूची चौकशी केली.

“तिचं नाव काढू नकोस,” मावशी वैतागून म्हणाली. “घरात टिकेल तर शपथ. सकाळी बाजारात, दुपारी त्या वाचनालयात, संध्याकाळी त्या टांगेवाल्यांच्या अड्ड्यावर गप्पा ठोकत. परवा पाहुणे आले, मी हाका मारून दमले. कुठे उंडारायला गेली होती देव जाणे. सांगून जायची म्हणून पद्धत नाही कार्टीला.”

आणि तिने मटाराची शेंग अशी काही मोडली की दाणे स्वयंपाकघरभर उडाले.